नागावची वीज आणि संगणकाचे बायोस

संगणकाचे बटण दाबल्यापासून विंडोज किंवा लिनक्स पडद्यावर येईपर्यंतच्या काही सेकंदांत प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि कीबोर्ड यांची तपासणी करून त्यांना कामाला लावणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला बायोस म्हणतात. गॅरी किल्डॉल यांच्या सीपी/एम प्रणालीतून १९७० च्या दशकात पुढे आलेले हे नाव १९८१ च्या आयबीएम पीसीमुळे सर्वत्र पोचले. आजच्या मदरबोर्डवर त्याची जागा यूईएफआय या अधिक विस्तृत रचनेने घेतली असली, तरी बोलण्यात जुनेच नाव टिकून आहे. हा प्रोग्रॅम हार्ड डिस्कवर नसतो, तर मदरबोर्डवरील बहुधा १६ किंवा ३२ मेगाबाइटच्या फ्लॅश चिपमध्ये असतो. तो अद्ययावत करणे म्हणजे चिपमधील जुना मजकूर पुसून तेथे नवा लिहिणे होय, आणि हे काम अर्धवट असताना वीज गेली, तर संगणकाला सुरू कसे व्हायचे हे सांगणारे काहीच शिल्लक राहत नाही.

अलिबाग तालुक्यातील नागावसारख्या किनारी गावात ही भीती पुस्तकी नाही. नारळी-पोफळींच्या वाड्यांमधून गेलेल्या तारांवर पावसाळी वाऱ्यात झावळ्या पडतात आणि वीज येते-जाते. ३ जून २०२० रोजी अलिबागच्या दक्षिणेस धडकलेल्या निसर्ग चक्रीवादळानंतर तर रायगडच्या किनाऱ्यावरील अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. म्हणून येथे बायोस अद्ययावत करण्याचा पहिला नियम हवामानाचा आहे: वारा-पाऊस, गडगडाट किंवा वीज खंडित राहण्याची पूर्वसूचना असलेला दिवस टाळावा.

घरात इन्व्हर्टर आहे एवढ्यावर निर्धास्त राहणे मात्र चुकीचे ठरते, कारण साधा इन्व्हर्टर वीज गेल्यावर बॅटरीकडे वळण्यास जो क्षणार्ध घेतो, तेवढ्यात डेस्कटॉप संगणक बंद पडू शकतो. यूपीएस हे वळण फार लवकर घेतो. काही इन्व्हर्टरांनाही त्यासाठी वेगळा यूपीएस मोड दिलेला असतो. यूपीएसची बॅटरी जुनी असेल, तर ती ऐन वेळी काही सेकंदांतच मान टाकते, तेव्हा आदल्या दिवशी इतर कामे बंद ठेवून, प्लग काढून ती किती वेळ तग धरते हे पाहून घेणे शहाणपणाचे आहे. लॅपटॉपची बॅटरी पुरेशी भरलेली असावी आणि चार्जरही जोडलेला असावा.

नवी आवृत्ती निघाली एवढ्यावरून हा उद्योग करू नये. नवा प्रोसेसर बसवणे, सुरक्षेतील उणीव बुजवणे किंवा ठरावीक बिघाड दूर करणे ही योग्य कारणे होत. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना अवाजवी व्होल्टेजमुळे होणारी इजा रोखणारी दुरुस्ती २०२४ मध्ये बायोसमार्फतच पोचवली गेली.

फाइल उत्पादकाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी आणि बोर्डाचे पूर्ण नाव, त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांकही जुळवावा, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनना वेगवेगळे बायोस लागू शकते. ती एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर ठेवून, विंडोजमधून नव्हे तर बायोसच्या स्वतःच्या मेनूतून चढवणे अधिक सुरक्षित असते. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर रिकव्हरी-की हाताशी ठेवून ते संरक्षण आधी तात्पुरते थांबवावे, आणि बदललेल्या सेटिंग्जचे मोबाइलवर फोटो काढावेत, कारण त्या बहुधा पुसल्या जातात. काम चालू असताना मधेच पडदा काळा होतो, संगणक आपोआप पुन्हा सुरू होतो, डीडीआर५ मेमरी असल्यास पहिल्या सुरुवातीला काही मिनिटेही जातात. याच वेळी घाईने बटण दाबल्याने अनर्थ ओढवू शकतो.

एवढे करूनही काम फसले, तर अनेकजण प्रथम बोर्डावरील ३ व्होल्टचा गोल सेल काढून पाहतात. त्याने फक्त सेटिंग्ज मूळपदावर येतात, बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त होत नाही. काही बोर्डांवर राखीव दुसरी चिप असते, तर काहींवर मागील बाजूस फ्लॅशबॅकसारखे बटण असते, ज्यामुळे ठरावीक यूएसबी पोर्टमधील पेनड्राइव्हवरून प्रोसेसरशिवायही बायोस पुन्हा लिहिता येते, मात्र फाइलला माहितीपुस्तिकेत सांगितलेले नाव द्यावे लागू शकते. यांपैकी काहीच नसेल, तर प्रोग्रॅमर नावाचे उपकरण थेट चिपला जोडून ती पुन्हा लिहू शकणारा दुरुस्ती-कारागीर गाठावा लागतो, आणि बहुतेक वेळा बोर्ड टाकून न देता वाचवता येतो.