भोसरीला गेलेलं लेकरू आजारी पडतं तेव्हा

आपल्या गावाकडची किती पोरं-पोरी भोसरीच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडं कामाला आहेत, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांतल्याच काही मुलांना मुलगाच आवडतो, काही मुलींना मुलगीच. घरी कळलं की बोलणी, मार, नाहीतर लग्नाची घाई. मग लेकरू अंगावरच्या कपड्यानिशी निघतं. आधार कार्ड, पासबुक, शाळेचा दाखला आईच्या ट्रंकेतच राहतो.

हा आजार नाही, हे आधी सांगते. सज्ञान माणसांचं असं नातं गुन्हा नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टानं 2018 साली दिला. दुखणं येतं ते दुसऱ्या वाटेनं.

कागद नाहीत म्हणून काम रोखीवर. पगार 21,000 रुपयांच्या आत असला की ई.एस.आय. लागू होतं. कामगाराचे शेकडा पाऊण रुपये कापतात, मालक सव्वातीन भरतो. चिंचवडला मोहननगरात त्यांचं हॉस्पिटल आहे. सहा महिन्यांत 78 दिवसांची वर्गणी भरलेली असली, तर पुढं आजारपणात सत्तर टक्के पगार मिळतो, वर्षात 91 दिवसांपर्यंत. रोखीवरच्या पोराला यातलं काही नाही. तापातही तो पाळी करतो, कारण खाडा म्हणजे त्या दिवशीचा वडापावही उधार.

एका खोलीत पाच-सहाजण. खोकला लागला तर टीबीची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, खाण्यापिण्याला महिन्याला 1000 रुपयेही मिळतात. पण ते बँकेच्या खात्यात येतात, आणि पासबुक कुठं आहे? ट्रंकेत! शिवाय दवाखान्यात विचारतात, लग्न झालं का, सोबत कोण आहे? ते नको म्हणून पोर मेडिकलमधून गोळी आणतं आणि दुखणं अंगावर काढतं. खोलीमालकाला सुगावा लागला तर खोली जाते, कधी डिपॉझिटही.

जोडीदाराला ई.एस.आय.चा लाभ नाही, कारण अशा लग्नाला अजून कायद्यात जागा नाही. मात्र बँकेत जोडखातं काढायला आणि जोडीदाराला वारस लावायला अडचण नाही, असं केंद्र सरकारनं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलंय. बँकेतल्या साहेबांनाही हे कधीकधी सांगावं लागतं.

आता तुमच्या हातातलं. राग असला तर असू द्या, बोलू नका हवं तर, पण रेशनकार्डातून नाव कापू नका आणि ते कागद स्पीड पोस्टानं पाठवा. गटात कुणा बाईच्या लेकराची कुजबुज चालली असेल तर ती तिथंच थांबवा, तीच कुजबुज खोलीमालकापर्यंत पोचते. आणि लेकराचं मन फार खचलं असेल तर 14416 हा सरकारी नंबर त्याला द्या. फोन फुकट आहे, मराठीत बोलतात.