खेळातले देव आणि खेळाडूंचे नियम

मैत्रिणींनो, पोरांच्या मोबाइलवरच्या खेळात वेदी, पुजारी, प्रार्थना दिसली की मनात येतं, हा कुठला धर्म शिकवतायत? आज अशाच एका खेळाबद्दल सांगते. नाव रूनस्केप. इंग्लंडमध्ये तो सुरू झाला, २००१ साली.

राजे, किल्ले, तलवारी असं जुन्या युरोपासारखं जग. पण देव सगळे कल्पनेतले. सॅराडोमिन सुव्यवस्थेचा, झॅमोरॅक उलथापालथीचा, गुथिक्स दोघांचा तोल राखणारा. मारलेल्या राक्षसाची हाडं पुरली की खेळाडूचं प्रार्थनेचं कौशल्य वाढतं. प्रार्थनेचे गुण संपले की वेदीपाशी जाऊन पुन्हा भरायचे. भक्ती कसली, हिशोबच तो! एका गुहेत तर ज्या देवाची वस्तू अंगावर, त्याचे सैनिक तुमच्या वाटेला जात नाहीत. सकाळी एकाची घाला, संध्याकाळी दुसऱ्याची.

काळजी करायची ती वेगळ्याच गोष्टीची. तिथे हजारो अनोळखी माणसं एकमेकांशी लिहून बोलतात. झॅमोरॅकला खुशाल नावं ठेवा. पण समोरच्या माणसाला त्याच्या धर्मावरून, वंशावरून शिवीगाळ करायला नियमाने बंदी आहे. तक्रारीचं बटण असतं. तक्रार खरी निघाली तर शिव्या देणाऱ्याचं बोलणं बंद होतं, नाहीतर खातंच. फसवणूक, पासवर्ड दुसऱ्याला देणं, खेळातलं सोनं आपापसात खऱ्या पैशाने विकणं, यालाही मनाई.

आणि ‘मी कंपनीचा माणूस, पासवर्ड सांग’ असं कुणी लिहिलं तर? कंपनीची माणसं पासवर्ड मागतच नाहीत. ते तक्रारीचं बटण कुठे आहे, हे आज पोराच्या शेजारी बसून बघून घ्या.