शय्याव्रण आणि शुश्रूषेची वही

अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या अंगावर, विशेषतः माकडहाड, कंबरेचा भाग व टाचा या ठिकाणी, जे व्रण होतात त्यांना शय्याव्रण म्हणतात. वृद्धांच्या शुश्रूषागृहात ते व्हावयाचेच, अशी पुष्कळांची समजूत आहे. परंतु असा व्रण बहुधा रोगामुळे नव्हे, तर शुश्रूषेतील उणिवेमुळे होतो, असे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ सालीच आपल्या पुस्तकात बजावले होते. आयुष्याच्या अगदी अखेरीस काही व्रण उत्तम शुश्रूषेनंतरही टळत नाहीत, हे खरे. तथापि बरेचसे टाळता येतात.

याचे कारण व्रणाच्या उत्पत्तीतच आहे. हाड आणि बिछाना यांच्यामध्ये मांस दाबले गेले, की त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात. रक्त न मिळाल्याने ते मांस मरू लागते. निरोगी मनुष्य झोपेतही नकळत कूस पालटतो. अर्धांगवायूने पंगू झालेल्यास ते साधत नाही, आणि ज्याची जाणीव मंदावली आहे त्यास कूस पालटावी असे वाटतही नाही. मूत्राचा ओलावा, निकृष्ट आहार आणि अंथरुणात खाली घसरणे यांनी त्यात भर पडते.

म्हणून जखम उघडी पडण्यापूर्वीच त्वचा पाहिली पाहिजे. तांबूस डागावर बोटाने किंचित दाबावे. दाबताच तो फिकट झाला, तर रक्त वाहते आहे. तसाच राहिला, तर ती व्रणाची पहिली पायरी समजावी. सावळ्या वर्णात मात्र ही लाली सहज दिसत नाही. तेथे हातानेच पारख करावी: भोवतालच्या त्वचेपेक्षा ती जागा उष्ण वा थंड, कठीण वा मऊ लागते काय, तेथे दुखते काय. अशी जागा चोळू नये. तिच्यावरील भार काढावा.

कोणाकडे अधिक लक्ष द्यावे, हे ठरविण्यासाठी इंग्लंडमध्ये डोरीन नॉर्टन या परिचारिकेने व तिच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली एक गुणपद्धती प्रसिद्ध केली. शरीरप्रकृती, मनाची अवस्था, चालणे-फिरणे, अवयवांची हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच बाबींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यावयाचे. २० पैकी १४ वा त्याहून कमी गुण पडले, तर रोग्यास धोका आहे असे समजावयाचे.

परंतु नुसत्या गुणांनी त्वचा वाचत नाही. सकाळी एकीने पाहिलेला डाग रात्रपाळीच्या परिचारिकेस ठाऊक नसेल, तर रोगी रात्रभर त्याच कुशीवर राहतो. यासाठी वही हवी: डाग कोठे व केव्हा दिसला, कूस केव्हा पालटली, व्रण झालाच तर त्याची लांबी, रुंदी, खोली, स्राव व दुर्गंधी. दर आठवड्यास मापे घेतली, म्हणजे व्रण भरतो आहे की वाढतो आहे, हे अंदाजाने सांगावे लागत नाही.

आपले कोणी अशा गृहात असतील, तर भेटीस गेल्यावर केवळ फळे ठेवून परतू नये. त्यांच्या संमतीने टाचा पाहाव्या, आज पाठ पाहिली काय हे परिचारिकेस विचारावे आणि नोंदी दाखविण्याची विनंती करावी. ज्यास स्वतः सांगता येत नाही, त्याच्या वतीने तेवढे विचारणे हे आपलेच काम आहे.