बालरुग्ण अतिदक्षतेचा खर्च

जिवाला तत्काळ धोका असलेल्या मुलांवर अहोरात्र देखरेख व उपचार करणाऱ्या विभागाला बालरुग्ण अतिदक्षता विभाग म्हणतात. १९५२ मध्ये कोपनहेगन येथील पोलिओच्या साथीत ब्यॉर्न इब्सेन यांनी कृत्रिम श्वसनाची व्यवस्था केली. तीतून अतिदक्षतेची कल्पना रूढ झाली. मुलांसाठी स्वतंत्र विभाग १९५५ मध्ये स्वीडनमधील गॉथनबर्ग येथे निघाला.

रुग्णांचे दोन वर्ग पडतात. फुप्फुसशोथ, जंतुविषरक्तता, तीव्र डेंग्यू इ. विकारांचे रुग्ण औषधोपचाराचे होत. जन्मजात हृद्‌विकार, आतड्यातील अडथळा इत्यादींसाठी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दुसऱ्या वर्गात येतात.

खर्चाचे स्वरूप : जागा, यंत्रे व कर्मचाऱ्यांचे वेतन हा खर्च बव्हंशी स्थिर असतो, औषधे, रक्त व तपासण्या यांचा रुग्णागणिक बदलतो. शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा खर्च शस्त्रक्रियागृह, शुद्धिहरण व पहिले एकदोन दिवस यांत एकवटतो. औषधोपचाराच्या रुग्णाचा खर्च श्वसनयंत्र, प्रतिजैव औषधे व वारंवार तपासण्या यांमुळे दिवसेंदिवस साचत जातो आणि मुक्काम किती लांबेल, हे आरंभी सांगता येत नाही.

त्यामुळे तुलनेचे उत्तर मापनपद्धतीवर अवलंबून असते. उदा., शस्त्रक्रियेस ६० एकके व नंतर रोज १० प्रमाणे ३ दिवस धरल्यास एकूण खर्च ९० व दैनिक खर्च ३० एकके होतो. रोज १२ प्रमाणे १२ दिवस औषधोपचार झाल्यास एकूण १४४, परंतु दैनिक १२ च एकके होतो. शिवाय मोजक्या दीर्घकालीन रुग्णांमुळे सरासरी फुगते. म्हणून मध्यका व आजाराची तीव्रताही पाहावी लागते.

खर्चाचा भार : महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामांतर झाले. प्रतिकुटुंब वार्षिक मर्यादा रु. ५ लाख करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. उपचारागणिक ठरावीक रक्कम देण्याची पद्धत शस्त्रक्रियेस सोयीची पडते; मुक्काम अनिश्चित असलेल्या औषधोपचारास ती अपुरी पडण्याचा संभव असतो.

रुग्णालयाच्या देयकात न दिसणारा खर्चही मोठा असतो. विरारमधील मनवेलपाडा येथून परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयात (स्थापना १९२९) मूल हलवावयाचे झाल्यास दादरपर्यंतच रेल्वेने सुमारे ५० किमी. अंतर पडते. रुग्णवाहिका, पालकांचे राहणे-जेवणे व बुडालेला रोजगार यांचा भार मुक्कामाबरोबर वाढतो. म्हणून दर ठरविताना केवळ शस्त्रक्रियेचे मूल्य न पाहता मुक्कामाचे दिवसही विचारात घेणे आवश्यक ठरते.