सोळानंतर काय येतं?

कागदावर एक बांगडी ठेवा आणि तिच्या कडेनं पेन्सिल फिरवा. बांगडी जरा मोठीच घ्या, आत बरीच गर्दी होणार आहे. वर्तुळावर एक बिंदू घेतला तर आत तुकडा एकच. दोन बिंदू घेऊन रेघेनं जोडले की दोन तुकडे. तीन बिंदू घेऊन प्रत्येक बिंदू इतरांशी जोडला की चार. चार बिंदूंना आठ, पाचांना सोळा.

सहा बिंदूंना किती? बहुतेक सगळे पटकन बत्तीस म्हणतात. आता काढून बघा. बिंदू सारख्या अंतरावर घेऊ नका. तसं केलं तर मधल्या तीन रेघा एकाच ठिकाणी भेटतात आणि एक तुकडा बुजतो. ते जरा वेडेवाकडे घ्या. मोजताना प्रत्येक तुकड्यात आकडा लिहीत जा, नाहीतर मधोमध उघडलेला चिमुकला त्रिकोण हमखास सुटतो. तुकडे भरतात एकतीस.

आता हेच पाच आकडे एका जुन्या रीतीनं तपासू. आकडे ओळीत मांडायचे, खाली शेजारच्या दोन-दोन आकड्यांमधला फरक लिहायचा, त्या फरकांचे पुन्हा फरक काढायचे:

१ २ ४ ८ १६
१ २ ४ ८
१ २ ४
१ २
१

शेवटच्या ओळीत एकच १ उरला. तो पुढेही १ च राहील असं धरा आणि उजव्या कडेनं वर चढत चला. १ आणि २ मिळून ३, ३ आणि ४ मिळून ७, ७ आणि ८ मिळून १५, १५ आणि १६ मिळून ३१. गुणाकार नाही, भागाकार नाही, नुसती बेरीज. चार्ल्स बॅबेजनं एकोणिसाव्या शतकात कोष्टकं तयार करणारं यंत्र योजलं, ते याच रीतीवर, कारण दातेरी चाकांकडून बेरीज करून घेणं त्यातल्या त्यात सोपं.

ही रीत चालते का, ते वर्गसंख्यांवर नीट दिसतं. १, ४, ९, १६ यांचे फरक ३, ५, ७. त्यांचे फरक २, २. दुसऱ्या पायरीला फरक स्थिर झाले, म्हणजे सूत्रात वर्ग आहे. तिसऱ्या पायरीला स्थिर झाले तर घन. पण बांगडीच्या कोष्टकात एक मोठी फट आहे. तळाशी एकच आकडा उरला, आणि एकटा आकडा नेहमीच स्थिर दिसतो! कुठलेही पाच आकडे घ्या, अगदी घरातल्या पाच जणांची वयं घ्या, त्यांतून जाणारं चौथ्या घातापर्यंतचं सूत्र मिळतंच. म्हणून हाती असलेले सगळे आकडे सूत्र बनवण्यात खर्च करू नयेत. शेवटचे एक-दोन झाकून ठेवावेत, सूत्रानं ते सांगितले तरच पुढे जावं. आपल्या पाच आकड्यांना दुपटीचं सूत्रही तंतोतंत बसत होतं आणि फरकांचंही. निवाडा केला तो सहाव्या बिंदूनं.

त्याहून भक्कम गोष्ट म्हणजे कारण. वर्तुळात नवी रेघ ओढली की एक तुकडा वाढतो, आणि ती आधीच्या रेघांना जितक्या ठिकाणी छेदते तितके आणखी वाढतात. रेघेला दोन बिंदू लागतात. एका छेदनबिंदूसाठी चार. म्हणून एकूण तुकडे म्हणजे १, अधिक बिंदूंच्या जोड्या, अधिक बिंदूंच्या चौकड्या. सहा बिंदूंना १ + १५ + १५ = ३१. सातांना १ + २१ + ३५ = ५७. कोष्टक एक पायरी पुढे नेलंत तर तिथेही ५७ च येतात. चार बिंदूंच्या हिशोबामुळे सूत्र चौथ्या घाताचं झालं, आणि तसं सूत्र पक्कं करायला पाच आकडे पुरतात. हे कोष्टकानं सांगितलं नव्हतं, चित्रानं सांगितलं.

असं कारण हाती नसलं की काय होतं, ते खगोलशास्त्रानं अनुभवलंय. १७६६ मध्ये टिटियसनं एक नियम मांडला आणि १७७२ पासून बोडेनं तो पसरवला. ०, ३, ६, १२, २४, ४८, ९६ हे आकडे घ्या (तीननंतर इथेही दुप्पटच), प्रत्येकात ४ मिळवा, १० नं भागा. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं तर ही ग्रहांची अंतरं. गुरूला ५.२ येतं, आणि गुरू खरोखर तिथेच आहे. १७८१ मध्ये हर्शेलला युरेनस सापडला: नियम म्हणतो १९.६, खरं अंतर १९.२. मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये २.८ ची जागा रिकामी होती. १ जानेवारी १८०१ ला पालेर्मोहून पियात्सीला सेरेस दिसला, अंतर २.७७. झाकून ठेवलेले दोन आकडे नियमानं जवळपास बरोबर सांगितले होते, त्यामुळे लोकांचा विश्वास बसला यात नवल नाही. मात्र ग्रह दुपटीनं का मांडले जावेत, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

१८४६ मध्ये नेपच्यून सापडला. नियमानुसार तो ३८.८ वर असायला हवा होता. तो ३०.१ वर आहे.