लॅपटॉप तापून बंद पडतोय? मदरबोर्ड बदलायच्या आधी आतली जाळी बघा

बजाजनगर : वाळूज एमआयडीसीत कामाला असलेली आणि सोबत डिप्लोमा शिकणारी बरीच पोरं बजाजनगरात खोली करून राहतात. ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरला दणकट मशीन लागतं म्हणून कित्येक जण जुना गेमिंग लॅपटॉप घेतात. नवा परवडत नाही आणि जुन्यातही ग्राफिक्स कार्ड मिळतं. पण उन्हाळा लागला की तक्रार सुरू होते : लॅपटॉप तापतो, पंखा विमानासारखा ओरडतो आणि ऐन कामात स्क्रीन काळी होते.

माझ्या पुतण्याचं तसंच झालं. कापसाच्या पैशातून घेतलेला लॅपटॉप परीक्षेच्या तोंडावर बंद पडायला लागला. एका दुकानात न उघडताच सांगितलं, मदरबोर्ड गेला, आठ हजार लागतील. आम्ही दुसरीकडे उघडून घेतला, तर आत पंख्यापुढे गोधडीतल्या कापसासारखा धुळीचा थर होता. साफसफाई आणि पेस्ट, एवढ्यावर काम भागलं.

लॅपटॉप तापतो कशामुळे?

सोयाबीनच्या हडंब्याला ट्रॅक्टर लावला की रेडिएटरच्या जाळीत भुसकट बसतं आणि तापमानाचा काटा वर जातो. तेव्हा आपण इंजिन बदलत नाही, जाळी साफ करतो. लॅपटॉपचंही तसंच आहे. प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपची उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक पत्र्यांच्या जाळीपर्यंत येते आणि पंखा ती बाहेर फेकतो. जाळी तुंबली की उष्णता आतच राहते.

दुसरं कारण पेस्टचं. चिप आणि तांब्याच्या मध्ये उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते. काही वर्षांत ती सुकते, मग पंखा चांगला असूनही चिप तापते.

चिप साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. त्यानेही भागलं नाही तर मशीन बंद होतं. म्हणजे अचानक बंद पडणं हे दर वेळी बिघाडाचंच लक्षण नसतं, बऱ्याचदा तो बचाव असतो.

आधी तापमान मोजा

‘एचडब्ल्यू मॉनिटर’ किंवा ‘कोअर टेम्प’ हे फुकट प्रोग्राम त्यांच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. नुसता चालू असताना ४५ ते ६० आणि जोराच्या कामात ८० ते ९० अंश दिसले तर गेमिंग लॅपटॉपसाठी काळजीचं कारण नाही. काम सुरू करताच आकडा ९५ च्या पुढे पळाला तर जाळी किंवा पेस्ट बघायला लागेल. मात्र आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या खोलीतली हवाच गरम असेल तर पंखा तरी काय करणार? म्हणून एक माप सकाळी आणि एक दुपारी घ्या.

बिनखर्चाचे उपाय

१. गादी, गोधडी किंवा उशीवर लॅपटॉप ठेवू नका. बहुतेक लॅपटॉप खालून हवा ओढतात. मागच्या बाजूला दोन झाकणं किंवा लाकडी पट्टी ठेवून उंच करा.

२. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथून ॲडव्हान्स्ड सेटिंग, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट आणि मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट. तिथे १०० चे ९९ करा. जुन्या इंटेल प्रोसेसरचा टर्बो वेग त्याने बंद होतो. वेग थोडा कमी होतो, पण तापमान बरंच उतरतं.

३. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० वर ठेवा.

उघडायचा असेल तर

लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा. खालचं झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी बॅटरीची पिन सोडवा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, म्हणून कागदावर लॅपटॉपचं चित्र काढून जिथला स्क्रू तिथेच ठेवा. पंख्याचं पातं बोटाने धरून मऊ ब्रशने धूळ काढा. थर पंखा आणि जाळीच्या मध्ये असतो. बाहेरून फुंकर मारली तर तो निघण्याऐवजी आत ढकलला जातो.

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, शिवाय जोराने फिरून पंख्याचं बेअरिंग जातं.

पेस्ट बदलताना जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि नवी वाटाण्याएवढी लावा. जास्त लावली म्हणजे जास्त गार, असं नसतं. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळा. काही चिपांवर पेस्टऐवजी मऊ रबरासारख्या पट्ट्या असतात. त्या फाटल्या तर तेवढ्याच जाडीच्या नव्या लावा, तिथे पेस्ट चालत नाही.

इथे थांबा

बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेलं असलं किंवा जळका वास आला तर चार्जिंग लगेच बंद करा. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, तिला आग लागू शकते. तिथे हाताची कारागिरी नको, जाणकाराकडे न्या.

दुकानात काय विचारायचं?

‘माझ्यासमोर उघडा, आधीचं आणि नंतरचं तापमान दाखवा’ एवढं सांगा. साफसफाई आणि पेस्टचा दर आधीच ठरवा. उघडून न बघता मदरबोर्ड गेला म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका, दुसऱ्या ठिकाणी दाखवा. साफ करूनही आकडा उतरला नाही, तरच पंखा किंवा बोर्डाचा विचार करा.

पुतण्याचा लॅपटॉप आधी ९७ अंशांवर जायचा, आता ड्रॉइंग चालू असताना ८२ च्या आसपास राहतो. परीक्षा त्याच मशीनवर झाली. वाळूजची धूळ काही कमी व्हायची नाही, त्यामुळे वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या आधी, जाळी साफ करायचं आम्ही ठरवून टाकलंय.