औंढ्याच्या माळावरून आकाशाचा कानोसा

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथला आपल्यापैकी पुष्कळजण दर्शनाला जाऊन आले असतील. तिथेच 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये! त्या भागातल्या एका आजोबांनी शिवारफेरीत मला सरळच विचारले, "सायेब, एवढ्या पैशात पाझर तलाव किती झाले असते?" प्रश्न रास्त आहे. पण आधी हे प्रकरण काय, ते तर पाहू.

आइनस्टाइनने १९१६ साली गणित मांडून सांगितले की, प्रचंड वजनाच्या वस्तू एकमेकींभोवती गरगरू लागल्या की अवकाशच हेलावते आणि विहिरीत दगड पडावा तशा लाटा चहूकडे पसरतात. गंमत म्हणजे, १९३६ साली त्याचाच या लाटांवरचा विश्वास डळमळला होता. लाटा इतक्या क्षीण, की चार किलोमीटर लांबीत पडणारा फरक अणूच्या गाभ्याहून कितीतरी बारीक! आगगाडीची, ट्रॅक्टरची थरथर त्याहून मोठी. म्हणून तर शांत माळरान हवे.

मग गोंगाटातून लाट निवडायची कशी? पुण्याच्या 'आयुका'तील डॉ. संजीव धुरंधर आणि डॉ. सत्यप्रकाश यांनी १९९१ साली याचे गणित मांडले. लाटेचे संभाव्य नमुने आधीच काढून ठेवायचे आणि यंत्राच्या नोंदीशी एकेक ताडून पाहायचा. घरातली बाई सुपातून बियाण्याचा दाणा नेमका वेचते, कारण तो कसा दिसतो हे तिला ठाऊक असते; तसेच हे. फरक एवढाच, की हा दाणा तोवर कोणी पाहिलेलाच नव्हता!

पुढे २४ वर्षे गेली. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील दोन यंत्रांत सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याएवढी थरथर उमटली. सूर्याच्या ३६ आणि २९ पट वजनाची दोन कृष्णविवरे सुमारे १३० कोटी वर्षांपूर्वी एकमेकांत मिसळली होती, त्याची ती लाट. खात्री करताना ही ताडून पाहण्याची रीतच कामी आली.

रात्री कोल्हा कुठे ओरडला हे दोन कानांमुळे उमगते. इथे कान जितके लांब लांब, तितकी दिशा नेमकी. म्हणून एक कान भारतात हवा.

पाझर तलावाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, तसे मी आजोबांना सांगितलेही. ते हसून म्हणाले, "मग आमचा ट्रॅक्टरबी ऐकू जाईल की त्यांना!"

म्हटले, "जाईल तर! तो ओळखून बाजूला काढणे, हेच त्यांचे काम."